भिंतीचा आडोसा

सायकल क्लबात त्याला सगळे भिंत म्हणायचे. खांदे रुंद, पाठ सपाट, आणि समोरून कसाही वारा येवो, हा आपला मान खाली घालून पेडल मारतोय. त्याच्या मागच्या चाकाला धरून राहिलं की वारा लागायचाच नाही. हिवाळ्यात त्या जागेसाठी भांडणं व्हायची. शेवटी एका मुलीनं ती जागा कायमची बळकावली. लग्नात क्लबातले म्हणाले, "हिनं नवरा नाही, आडोसा बघितला." त्यावर ती नवरी म्हणाली, "मग काय, जन्मभर वारा खात बसू?"

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची, फ्रेमच्या मापाला काचा घासून बसवायचं. तो घरोघरी गरम पाण्याचे पाइप आणि बॉयलर दुरुस्त करायचा. लग्नाआधी ती त्याला 'अरे' म्हणायची, लग्नानंतर 'अहो', आणि डोकं फिरलं की पुन्हा 'अरे'. मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. पण रविवार कधी चुकला नाही. तलावाच्या बांधावरचा रस्ता धरायचा, पंपघरापर्यंत जायचं, तिथं थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उघडं रान, वाटेत झाड म्हणून नाही. हिवाळ्यात या रस्त्याची खोड अशी, की जाताना वारा पाठीला हात लावून लाडानं नेतो आणि येताना छातीत बुक्क्या घालतो. ती तीस हिवाळे आपल्या सायकलवर त्याच्या मागच्या चाकाला धरून आली होती. समोरचा रस्ता म्हणजे तिला त्याची पाठच ठाऊक.

मग त्याचा अंगठा थरथरायला लागला. एका घरी पाइपाला नट बसवायला गेला, तर नट आट्यावर चढेचना. घरची बाई म्हणाली, "काका, मी धरू का?" त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यानं हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली ती कायमची. डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

हात एक वेळ चालला असता, पायांनी मात्र दगा दिला. दाराशी आला की पाय जमिनीला चिकटायचे. डोक्यातला हुकूम पायापर्यंत पोचायचाच नाही. बाथरूमच्या दारात तो उभाच्या उभा राहायचा आणि ती मागून म्हणायची, "डावा... अहो, डावा उचला." कधी उचलला जायचा, कधी नाही. आणि याच माणसाला सायकलवर बसवून मागून ढकललं, की तो पहिल्यासारखा निघायचा! पाय गोल फिरतायत, पाठ सपाट, हँडल सरळ. डॉक्टर म्हणाले, असं होतं, चालण्याची वाट वेगळी आणि पेडल मारण्याची वेगळी. पण वळताना तोल जाईल, पडेल, जपा. तेव्हा दोघांनी काम वाटून घेतलं. चढवणं आणि उतरवणं तिचं, मधलं सगळं त्याचं. थांबायची वेळ आली की ती आधी पुढे जाऊन, आपली सायकल टाकून, त्याला झेलायला उभी राहायची. लोक बघायचे. बघू देत.

त्या वर्षी थंडी सुरू होता होता तो एका वळणावर पडला आणि तोंड फोडून घेतलं. मुलगा रात्रीची गाडी धरून आला. बापाचा सुजलेला गाल बघून आईला म्हणाला, "आता बास. सायकलला कुलूप घाल. का त्यांना रस्त्यावर मेलेलं बघायचंय तुला?" खालच्या मजल्यावर तिची नणंद राहायची, एकटीच, भावाच्या पाठची. तीही म्हणाली, "वहिनी, त्याच्या हट्टापुढे तू किती दिवस नाचणार?" दोघांच्या तोंडी लागण्याचं बळ तिच्यात नव्हतं. तिनं त्याच्या सायकलला जिन्याखाली साखळी घातली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "बरं" म्हणाला.

त्यानंतर तो उतरणीला लागला. खिडकीपाशी खुर्चीत बसायचा तो बसायचाच. जेवण अर्ध्यावर टाकायचा. पाठ वाकली, आवाज इतका खाली गेला की ती जवळ कान नेऊन ऐकायची. सांभाळून सांभाळून एकदा तो बाथरूममध्ये पडलाच. ती त्याला उठवत होती तेव्हा म्हणाला, "घरात मोडलो तर चालतं का तुम्हाला?" तिनं त्याला पलंगावर आणून बसवलं. काय करावं? किल्ली द्यावी तर तो मरेल, न द्यावी तरी तो मरतोच आहे. कामावर काच घासताना तिचं लक्ष उडायचं. दोन काचा तिनं वाया घालवल्या. आजवर असं झालं नव्हतं.

त्या रविवारी सकाळपासून वादळाचे इशारे चालू होते. दुपारी खाली नणंदेच्या खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायला लागलं, म्हणून ही ते दोरीनं बांधायला गेली. दोघींनी दोरी आवळली, नणंदेनं वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि ही वर आली तर खुर्ची रिकामी. दार सताड उघडं. जिन्याखाली त्याची सायकल साखळीत तशीच होती. तिची नव्हती.

इमारतीच्या पुढच्या पायरीवर उभं राहून त्यानं टांग टाकली असणार. कशी टाकली, तो जाणे.

"पोलिसांना फोन कर," नणंद म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, शहरभर झाडं पडलीयत. बांधावरचा रस्ता तर आम्हीच बंद केलाय. गाडी मोकळी झाली की पाठवतो."

"तो तिथंच गेलाय हो."

"एवढ्या वाऱ्यात? सायकलवर? तिकडे नसतील गेले, जवळपास बघा."

तिनं फोन ठेवला, पर्स उलटी केली आणि किल्ली काढली. नणंद आडवी आली. "वहिनी, तू कुठं निघालीस? तू पण गेलीस तर मी काय करू?" हिनं तिला बाजूला केलं, हातानंच, जरा जोरानं.

त्याची सायकल तिला मोठी. सीट खाली करायला पाना शोधायचा धीर नव्हता. पेडल खाली गेलं की तिच्या पायाची बोटंच तेवढी टेकायची. पण बांधावर चढल्यावर पेडलची गरजच उरली नाही. वाऱ्यानं पाठीत असा रेटा दिला की सायकल पळत सुटली. पावसात बर्फाचे कण होते, मानेवर सुया टोचल्यासारखे लागत होते. तलाव काळा पडला होता आणि लाटांचं पाणी कठड्यावरून रस्त्यावर येत होतं. ती ब्रेक दाबून दाबून जात होती आणि कठड्याची एकेक फट डोळ्यांनी चाचपत होती. पाण्यात काही रंगीत दिसतंय का, हे बघायचं नव्हतं आणि बघत होती. तोंडानं नुसतं "अरे, कुठं आहेस, अरे" चाललं होतं.

पंपघर दिसायला लागलं, त्याच्या अलीकडे तो होता. सायकल कठड्याला टेकलेली, हा तिच्यावर तसाच बसलेला, एक हात हँडलवर, दुसऱ्यानं कठडा घट्ट धरलेला. सायकलचं तोंड घराकडे होतं. म्हणजे तो पंपघरापर्यंत जाऊन, सुखरूप वळून, परत निघाला होता आणि समोरच्या वाऱ्यानं त्याला जागच्या जागी थांबवलं होतं.

तिनं सायकल टाकली आणि आधी त्याच्या गालावर एक ठेवून दिली. मग त्याच गालाला गाल लावून रडली. त्याचं कातडं बर्फासारखं झालं होतं.

"वळलो मी," तो म्हणाला. "एकट्यानं."

"उतर आता. पंपघरापाशी जाऊ, भिंतीच्या आडोशाला बसू."

"चालता येणार नाही. आणि उतरलो तर परत चढणार नाही."

त्याचं खरं होतं. पंपघर रविवारी बंद असतं, बाहेर बसून दोघं गारठून गेली असती. सायकलवरून तिकडे न्यावं तर पाठचा वारा त्याला उधळून देईल, आणि त्याच्या बोटांत ब्रेक दाबण्याचं त्राण नव्हतं. फोन काढला तर ओल्या पडद्यावर बोटच चालेना. उरला एकच रस्ता, वाऱ्याच्या तोंडात. त्यात निदान वेग तरी येणार नव्हता.

"मी पुढं होते," ती म्हणाली. "तू माझं चाक सोडू नकोस."

तिनं आपला मफलर त्याच्या डोक्याला गुंडाळला, त्याला ढकलून चालू केलं आणि पडलेली सायकल उचलून, तीवर चढून त्याच्या पुढे घुसली. आणि पहिल्यांदाच तिला कळलं, भिंत होणं म्हणजे काय असतं. वारा नुसता अडवत नव्हता, तो तोंडात शिरून श्वास परत आत ढकलत होता. मोठ्या सायकलवर ती उजवीकडे-डावीकडे घसरत पेडल मारत होती. मांड्या पेटल्या. हातांचं तर भानच नव्हतं. मागून त्याच्या चेनचा आवाज यायचा, त्यावर तिचा जीव टांगलेला. मधून त्याचा बारीक आवाज, "गिअर उतरव. गिअर." मग "डोकं खाली." मग "फार पळतेस, सुटतोय मी." माणसाचा जीव चाललाय आणि हा शिकवणी घेतोय! तिला हसू फुटलं आणि हसताना तोंडात बर्फ गेला.

अर्ध्याहून जास्त रस्ता त्यांनी असा काढला. गावातले पहिले दिवे दिसायला लागले, तेव्हा रानाकडून एक आडवा झोत आला. ती कशीबशी सावरली. मागे चेनचा आवाज नव्हता.

तो रस्त्यावर आडवा पडला होता आणि त्याचा पाय भलत्याच दिशेला होता. खुबा मोडला होता, पण ते नंतर कळलं. त्याला हलवलं तर तो ओरडला, त्या खालच्या आवाजातून असा आवाज येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं दोन्ही सायकली वाऱ्याच्या बाजूला उभ्या करायचा प्रयत्न केला, त्या पडल्या. मग ती स्वतःच त्याच्या आणि वाऱ्याच्या मध्ये आडवी झाली, त्याचं डोकं आपल्या कोटात घेऊन. मदतीला ये म्हणून तिनं ज्याला ज्याला हाका मारायच्या त्याला मारल्या, देवाला, मुलाला, नणंदेला. कोणी आलं नाही. तिला वाटलं, आपण दोघं इथंच संपणार, आणि तिची तशी तयारीही झाली होती.

बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. ड्रायव्हरला रस्ता बंद आहे हे माहीत होतं. नणंदेनं भर चौकात त्याच्या ट्रकपुढे उभं राहून त्याला तिकडे वळवलं होतं, आणि ती स्वतः त्याच्या शेजारी बसून आली होती. घरातल्या चपला, अंगावर स्वयंपाकाचा ॲप्रन. ती उतरली, भावाकडे एकदा बघितलं आणि वहिनीला म्हणाली, "हात सोड आता. मी धरते."

दवाखान्यात त्याचा खुबा बसवला, पण छातीत कफ झाला तो हटला नाही. मुलगा आला. कॉरिडॉरमध्ये आईला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तू त्यांना परत सायकलवर बसवलंस? तिथंच थांबली असतीस तर ट्रक आलाच असता की. पाय तरी शाबूत राहिला असता."

ती म्हणाली, "हो. राहिला असता."

एवढंच. तिला दुसरं काही सांगता आलं असतं, ट्रक येणार हे तिला कोण सांगणार होतं, पण तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता. आपण भिंत म्हणून उभ्या राहिलो आणि आडव्या वाऱ्याला पुरलो नाही, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

तो थंडी संपायच्या आत गेला. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं, पण पांघरुणाखाली चांगला पाय हळूहळू गोल फिरायचा. नर्सला वाटायचं, रोगाचा झटका आहे. ही पाय थांबेपर्यंत बघत राहायची.

मुलानं दोन्ही सायकली कोणाला तरी देऊन टाकल्या. तिनं विचारलं नाही, कोणाला. कामावर ती आता बसनं जाते. नणंद खालचं घर बंद करून वर राहायला आली आहे आणि दोघी मिठापासून पडद्यांपर्यंत सगळ्यावरून भांडतात. एकदा भांडता भांडता नणंद अचानक म्हणाली, "वहिनी, कुलूप घाल म्हणणारी मीपण होते. तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको घेऊस." ती भाजी चिरत होती. तिनं सुरी ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "घेतलंय गं. आता उतरत नाही."

नणंद तिच्या शेजारी सरकली. मग तिनं पुढ्यातली सुरी उचलली आणि उरलेली भाजी स्वतः चिरायला घेतली.