सकाळ कळणारी खोली

आमच्या घराण्याचा बांधकामाशी आलेला एकमेव संबंध म्हणजे आजोबांनी बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं. ते पडलं तेव्हा कोंबड्या सुदैवाने बाहेर होत्या. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, चाळिशी उलटल्यावर एके दिवशी चहा ओतता ओतता सांगितलं की आर्किटेक्चर कॉलेजात प्रवेश मिळालाय, तेव्हा दादाचा चहा बशीत सांडला.

"कुणाला मिळालाय?" त्याने विचारलं.

"मला."

"म्हणजे आपल्या मुलीला."

"मुलगी नोकरीला लागली, अहो. मागच्या महिन्यात तुम्हीच तिला गाडीत बसवून आलात."

दादा बँकेत आहे. कुठलीही गोष्ट दोनदा ऐकल्याशिवाय तो सही करत नाही. त्याने दोनदा ऐकलं, बशीतला चहा प्यायला आणि म्हणाला, "पाच वर्षं बदली पुढे ढकलून घेतो. साहेबांच्या हातापाया पडेन. पण सहावं वर्ष मिळायचं नाही. नापास झालीस तर मग दुसरं गाव, आणि तिथे कॉलेज नाही."

"एकदाच बसेन," वहिनी म्हणाल्या. "पास झाले तर झाले."

आणि कपाळावर चष्मा, खांद्यावर नळकांड्यासारखी लांब पिशवी अशा थाटात त्या आपल्या मुलीपेक्षा लहान पोरांच्या वर्गात जाऊन बसल्या. पोरं त्यांना काकू म्हणायची. सर वयाने लहान, ते पहिले काही दिवस त्यांना मॅडम म्हणायचे आणि वहिनी त्यांना सर, त्यामुळे कोण कोणाला शिकवतंय ते बाहेरून जाणाऱ्याला कळत नसे.

त्यानंतर आमच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती गोष्ट राहिली नाही. पायरी चढताना वहिनी थबकायच्या. कुणाच्या घरी जेवायला गेलो की यजमान वाढत असताना यांचं लक्ष छताकडे. एकदा मी निवांत बसलो होतो, तर टेप घेऊन माझ्याभोवती फिरल्या.

"हे काय चाललंय, वहिनी?"

"बसलेल्या माणसाला किती जागा लागते ते मोजायचंय."

"मग?"

"तुम्हाला धरलं तर खुर्च्यांचा कारखाना बुडेल, भाऊजी. मी तुमच्या दादांना मोजते."

मग जेवणाचं टेबल गेलं. त्यावर पुठ्ठ्याची घरं उभी राहायला लागली आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन शहराच्या कडेला बसल्यासारखे जेवू लागलो. पहिल्या वर्षी एका सरांनी सगळ्यांदेखत त्यांच्या मॉडेलची भिंत कडकन मोडली आणि म्हणाले, आता बघा, किती मोकळं वाटतं. वहिनी घरी आल्या, मोडकी भिंत टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सासूबाईंनीसुद्धा माझं कधी काही मोडलं नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा मॉडेलकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "पण मोकळं वाटतंय खरं."

इथपर्यंत मी नुसता हसत होतो. माझं हसणं बंद पडलं ते शेवटच्या वर्षी.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक आख्खी इमारत आपली आपण योजायची असते. पोरांनी विमानतळ घेतले, संग्रहालयं घेतली, एकाने चंद्रावरची वसाहत घेतली. वहिनींनी घेतली रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांनी थांबायची जागा. सर म्हणाले, फार लहान विषय आहे. वहिनी म्हणाल्या, बसून बघितलंय का तिथे?

आम्ही बसलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटचे आजारी होते तेव्हा आम्ही तिघं अतिदक्षता विभागाबाहेरच्या बोळात बसायचो. खिडकी नाही, सदा पेटलेली ट्यूबलाइट, लोखंडी खुर्च्या. कधी उजाडलं, कधी मावळलं, पत्ता लागायचा नाही. दादा मला विचारायचा, "सकाळ झाली का रे?" आणि मी घड्याळ बघूनही सांगू शकायचो नाही, कारण घड्याळातले सहा कुठले ते कुणाला ठाऊक.

"मला दुसरं काही नको," वहिनी म्हणाल्या. "बसलेल्या माणसाला सकाळ झालेली कळली पाहिजे. कुणी न सांगता."

वर्षभर त्या एका वाक्यावर त्यांनी काम केलं. भिंतीत उभ्या, अरुंद, तिरक्या फटी. बाकं अशी मांडलेली, की सूर्य वर आला की उजेड पहिल्या बाकापासून सरकत सरकत शेवटच्या बाकापर्यंत जावा. एकदा त्यांनी मला बोलावलं. "वरून नका बघू. वरून फक्त देव बघतो आणि परीक्षक. खाली वाका. डोळा दारापाशी न्या."

मी टेबलाला हनुवटी टेकवली. आधी पुठ्ठा दिसला. मग वहिनींनी बाजूने विजेरी धरली, आणि पुठ्ठा नाहीसा झाला. मी एका मोठ्या, शांत खोलीच्या दारात उभा होतो. लांबवर बाकांची रांग होती, आणि एका बाकावर नुकतं ऊन येऊन बसलं होतं. मी आत जाण्यासाठी पाऊल उचललं तेव्हा गुडघा टेबलाच्या पायावर आपटला. ज्या बाईने मला पंचवीस वर्षं पोळ्या वाढल्या तिच्या डोक्यात एवढी मोठी जागा होती, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात मॉडेल प्रत्यक्ष जागेवर नेऊन फोटो काढायचे ठरले. सकाळच्या उन्हातच हवेत, हा वहिनींचा हट्ट. मी गाडी काढली. रुग्णालयाच्या आवारात मोकळ्या जागेशेजारी एक कठडा होता, त्यावर आम्ही मॉडेल, दार फाटकाकडे येईल असं, नीट लावलं आणि सूर्याची वाट बघत उभे राहिलो.

सूर्य वेळेवर आला. समोरच्या टाकीमागून वर सरकला आणि त्याचे पहिले किरण अत्यंत भक्तिभावाने वहिनींच्या इमारतीतल्या संडासाच्या खिडकीवर पडले. बाकांची खोली काळोखात राहिली.

"वहिनी," मी म्हणालो, "सूर्य रस्ता चुकला वाटतं."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून रुग्णालयाने दिलेला जुना नकाशा काढला, कोपऱ्यातला उत्तर दाखवणारा बारीक बाण शोधला आणि खाली बसल्या. बाणाचं टोक खाली होतं. नकाशा काढणाऱ्याने फाटक सोयीचं पडावं म्हणून कागद उलटा धरला होता. आणि शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशापासून वर म्हणजे उत्तर हे ज्यांच्या हाडात मुरलंय, त्या आमच्या वहिनींनी वर्षभर पूर्वेच्या जागी पश्चिम धरली होती. जागेवर त्या अनेकदा आल्या होत्या, पण घरचं आवरून, भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. सरांनी वर्षभर तपासलं ते शीटवरच्या वहिनींच्या बाणाकडे बघून.

"आता?" मी विचारलं.

"आता ती खोली संध्याकाळ दाखवते," वहिनी म्हणाल्या. "दिवस संपला, एवढंच सांगते बसलेल्या माणसाला."

कॉलेजात पोरांनी गराडा घातला. काकूंसाठी त्यांचा जीव तुटत होता.

"काकू, शीटवर बाण तसाच राहू द्या. कुणाला कळतंय?"

"परीक्षक काय होकायंत्र घेऊन येणारेत?"

"चंद्रावर तर उत्तर दिशाच नसते, माझं तसंच चाललंय," वसाहतवाला म्हणाला.

"असते रे चंद्रावरही," वहिनी म्हणाल्या. "तूही बघून घे एकदा."

नवं सगळं कापायला दिवस नव्हते. पण होती तशी इमारत गर्रकन उलट फिरवता येत होती. फटी पूर्वेला यायच्या, ऊन जिथल्या तिथे पडायचं. फक्त दार फाटकाकडून निघून मागच्या कुंपणाकडे जायचं, आणि येणाऱ्या माणसाला आख्ख्या इमारतीला वळसा घालून आत यावं लागायचं. आवार, वाट, झाडं, सगळ्या शीट पुन्हा. वहिनींनी पुसायला घेतलं.

दादाने लग्नानंतर प्रथमच न सांगता रजा टाकली आणि कटर हातात घेतला. मी पहिल्याच तासाला स्वतःचा अंगठा कापला म्हणून मला झाडं चिकटवण्यावर बसवलं, आणि त्यातलीही दोन झाडं वाटेच्या मधोमध उगवली म्हणून नंतर चहावर. संपलं तेव्हा दादाने कुणी न सांगता हनुवटी टेबलाला टेकवली. वहिनींनी विजेरी धरली, हळूहळू वर नेली. तो बराच वेळ तसाच राहिला.

"आपण कुठे बसलो असतो गं?"

वहिनींनी काडीने एक बाक दाखवलं. नंतर दादा दिवसभर मला "अरे" ऐवजी "ऐक ना" म्हणत होता.

परीक्षेला तिथे ज्युरी म्हणतात. आपलं काम भिंतीवर लावून शेजारी उभं राहायचं आणि परीक्षकांनी ते भर सभेत सोलायचं. घरच्यांना मागे उभं राहता येतं, मदत करता येत नाही, म्हणजे प्रसूतीसारखंच. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी चंद्रावरच्या वसाहतीला पाणी कुठून येणार ते विचारून वसाहतवाल्याला घाम फोडला होता. मग त्या वहिनींच्या मॉडेलभोवती फिरल्या.

"दार मागे का? माणूस आजारी माणसाला सोडून आलाय, पाय ओढतोय, आणि तुम्ही त्याला प्रदक्षिणा घालायला लावता?"

पोरांनी काकूंना उत्तर पढवून ठेवलं होतं: मन शांत व्हावं म्हणून मुद्दाम वळसा. मागून दोघं तिघं ओठांनी तेच म्हणत होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मंगळवारपर्यंत दार पुढे होतं," त्या म्हणाल्या. "मी दिशा चुकले होते. पूर्वेला पश्चिम समजून वर्ष काढलं. उजेड सोडता येत नव्हता, म्हणून दार सोडलं."

सर भिंतीवरच्या एका डागाकडे अभ्यासपूर्वक बघू लागले. बाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली, पण बोलल्या वहिनींशीच. "असा कुठला उजेड आहे तो?"

"खाली वाकावं लागेल, बाई."

पडदे ओढले गेले. बाईंनी चष्मा लावला, गुडघे कुरकुरत असताना खाली बसल्या आणि डोळा दारापाशी नेला. वहिनींनी विजेरी टेबलाच्या कडेखालून वर आणायला सुरुवात केली, सूर्याला लाज वाटावी इतकी सावकाश. आतलं आम्हाला काही दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होता फक्त बाईंचा चेहरा, आणि फटीतून परतून आलेला उजेड त्या चेहऱ्यावरून सरकत होता. मघापासून कुजबुजणारा वर्ग गप्प झाला. मला वाटलं, सबंध खोलीत कोणीतरी कुणाची तरी बातमी यायची वाट बघतंय.

बाई उठल्या तेव्हा आवाज जरा खाली आला होता. "पाऊस असला तर? एवढा वळसा, भिजत?"

"छप्पर द्यायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "सुचलं नाही."

"मग द्या."

"आता?"

"माणसं भिजताहेत."

वहिनींनी कानामागची पेन्सिल काढली आणि लावलेल्या शीटसमोर उभ्या राहिल्या. पट्टी नाही, टेप नाही. क्षणभर हात हवेत थांबला. मग फाटकापासून एक रेघ निघाली, भिंतीच्या कडेने चालू लागली, कोपऱ्यावर वळली, एका ठिकाणी बसायच्या कट्ट्यापुरती रुंद झाली, पुन्हा आवळली आणि दारापाशी येऊन टेकली. मग खाली खांब, बारीक, चालणाऱ्याच्या आड न येणारे. एक झाड वाटेत होतं, मॉडेलवर मी चिकटवलेलं तेच. रेघ त्याला धक्का न लावता बाजूने गेली. मी आयुष्यात लोकांना पुष्कळ गोष्टी करताना पाहिलंय, पण कुणाच्या हाताखालून असं छप्पर निघताना आणि त्याखाली न दिसणारी माणसं कोरडी होताना पाहिलं नव्हतं.

बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. मग कागदावर काहीतरी लिहिलं.

"कट्टा फार अरुंद आहे. खांब एक कमी चालेल. दिशा चुकलात त्याचे गुण मी कापणार आहे, आणि चांगले कापणार आहे," त्या म्हणाल्या. "पास आहात. यापुढे जागा बघायला सकाळी जात जा. पुढचा कोण?"

वहिनी पेन्सिल हातात तशीच धरून उभ्या होत्या. शेजारी दादाने हात लांब करून माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागला. त्याला स्वतःला चष्मा नाही.