कावळा कुणाला शिवला होता

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही – तो गेला, न कळताच गेला. मुलाला नाही. देवीपुढे दरवर्षी हात जोडून उभी राहते, पण तिलाही तोंडाने कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक असेल तर असेल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण हल्ली आमच्या घरात बिअर होते.

हसलात ना? बिअरच. माझी नात मनू, मुलाची मुलगी, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. गेल्या वर्षापासून इथे येऊन राहिली आहे, मिरजोळ्याच्या पुढे आमचं घर आहे तिथे. आठवडाभर लॅपटॉप, आणि रविवारी मागच्या पडवीत हिची भट्टी. भट्टी म्हटलं की चिडते. "आजी, दारू नाही गाळत मी. बिअर करतेय. आपल्यापुरती." मी म्हटलं, "पोलीस दारात येईपर्यंत सगळ्यांची आपल्यापुरतीच असते."

पण बसते मी तिच्याजवळ. चौथी शिकले मी, तिच्या पाकिटांवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. वास येतो. मोड आणून वाळवलेले जव असतात. साधी पिवळी बिअर करायची तर ते फिकट घ्यायचे. काळी करायची तर काळे होईपर्यंत भाजलेले थोडे मिसळायचे – त्यात मनूने आपली नाचणी भाजून घातली होती, ती बरी लागली. गहू घातले की बिअर गढूळ आणि मऊ होते, तिला धणे आणि साल लागते. पुस्तकात संत्र्याची साल सांगितली आहे, मी ईडलिंबाची दिली. वाळकी हिरवी फुलं येतात पाकिटातून, ती कडूपणासाठी. एका पाकिटाला तर थेट कैरीच्या चिकाचा वास होता. पाणी विहिरीचं, कारण नळाच्या पाण्यात औषध असतं. कोकम घालायचं म्हणाली तेव्हा आगळाची बाटली घेऊन निघाली होती, मीच अडवली. आगळात मीठ असतं. तर म्हणते, "चालतं गं, एका जातीच्या बिअरला मीठपण घालतात." घाल बाई.

आवडते का मला बिअर? नाही. मग का बसते तिथे? वास येतो म्हणून. आंबणाऱ्या रसाचा वास. तो आला की मला घरात बसवत नाही आणि तिथेही बसवत नाही. उठते, विहिरीपर्यंत जाते, परत येते.

वळसे घालते आहे मी. कळतंय मला.

शालूचं सांगायचं आहे. शालू माझी धाकटी जाऊ. माहेर संगमेश्वरकडचं. एकाच अंगणात राहतो आम्ही, चुली दोन. दोघींचे नवरे मुंबईला गिरणीत होते, दोघेही आता नाहीत. तर एका रविवारी मनूने आम्हा दोघींना धणे दाखवायला बोलावलं. शालू आली, पण पडवीच्या पायरीवरच थांबली. लांबूनच नाक पुढे केलं आणि म्हणाली, "जुने आहेत गो हे. भाजलेस तरी वास नाय यायचा." मनू खूश झाली. हातातला डाव पुढे करून म्हणाली, "शालूआजी, ये ना, जरा ढवळ. माझा खांदा भरून आला."

शालूने दोन्ही हात पदरात घेतले. असे – चटका बसल्यासारखे.

"माझा हात नको गो. नासेल तुझं."

"नासेल म्हणजे? हाताने काय नासतंय?"

"माझा हात तसला आहे. विचार वैनीला."

वैनी म्हणजे मी. मनू माझ्याकडे बघायला लागली. शालूही. आणि मी काय बोलले? "तिला सवय नाही ढवळायची. आण तो डाव इकडे." घेतला डाव आणि ढवळत बसले. म्हणजे जे तरुणपणी केलं, तेच पंच्याहत्तरीत पुन्हा केलं. तेव्हा निदान भीती होती. आता कुणाची भीती होती मला?

आता ते तेव्हाचं.

आमची सासू काजूच्या बोंडूंचा रस आंबवायची. शिमग्याला देवीची पालखी घरी यायची, बरोबर सगळी वाडी, मुंबईहून आलेले लोक, त्यांच्यासाठी. माजघराच्या कोपऱ्यात मडकी मांडलेली असायची, तोंडाला कापडाचा दादरा बांधलेला. लाल बोंडू वेगळे, पिवळे वेगळे, दोन्हींची चव वेगळी. शालू लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने ते काम तिच्याकडे दिलं. तिच्या माहेरी करायचे, तिला जमायचं. पहिलं मडकं उघडलं तेव्हा सासू चार बायकांदेखत म्हणाली, "हिच्या हाताला गोडी आहे." मी तिथेच उभी होते. मी थोरली. मला असं काही म्हणाली नव्हती ती कधी.

हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगते.

पालखीच्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला. तुम्हाला माहीत असेल – बाई चार दिवस बाजूला बसली की तसं म्हणायचे. गोठ्याजवळच्या खोपीत बसायचं, कशाला शिवायचं नाही. पालखीच्या आसपासही जायचं नाही. आणि त्या दिवशी देवीची ओटी मला भरायची होती. थोरली सून म्हणून. नवी साडी होती, हिरवी. नवस वगैरे काही नव्हता माझा, तसं सांगितलं तर तुम्हाला माझी कीव येईल आणि ते खोटं होईल. मला पुढे उभं राहायचं होतं. सगळ्यांनी बघायला हवं होतं. बस.

मी लपवलं. अंघोळ केली, साडी नेसले, ओटी भरली. पालखीपुढे नारळ ठेवला. पाहुण्यांसाठी मडक्यातला रस काढायलाही मी होते, शालू होती, सासू होती. घाई एवढी, की कोण कुठे हात घालतंय याचं भान नव्हतं.

पालखी पुढच्या घरी गेली. आणि चार दिवसांनी सासूने मडक्यात नाक घातलं तर सगळा रस आंबट. आंबट म्हणजे कढीत घालण्याच्या लायकीचा. एक नाही, सगळी मडकी.

रस नासला म्हणजे विटाळ झाला – याच्यात तेव्हा कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. रसाचं सोडा, मी पालखीला शिवले होते! सासू घर धुंडाळत सुटली, आणि गोठ्यामागच्या कुंपणावर तिला फडकं मिळालं. धुऊन वाळत घातलेलं, पानांच्या आड. काठीवर धरून अंगणात घेऊन आली.

"हे कुणाचं गो?"

घरात त्या वयाच्या बायका दोन. मी आणि शालू.

मी म्हणाले, "माझं नाही."

दोन शब्द. पटकन आले. कोणी विचार करून बोलल्यासारखे नाहीत, आणि म्हणूनच सासूला ते खरे वाटले असतील. मग शालू म्हणाली, "माझंपण नाही." पण ती दुसरी बोलली ना. दुसऱ्याने बोललं की ते खोटंच वाटतं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं का तेव्हा? मला अजून ठाऊक नाही. मी खाली बघत होते.

फडकं माझं होतं.

सासूने मारलं नाही तिला. त्यापेक्षा – तिचे हात काढून घेतले. रस नाही, लोणचं नाही, पापड नाही, आमसुलं नाही. जे टिकवायचं त्याला शालूने शिवायचं नाही. ते सगळं माझ्याकडे आलं. तिच्याकडे लाकडं, शेण, झावळ्या, विहिरीचं पाणी. तिला बरीच वर्षं मूल झालं नाही, तेव्हा सासू दारात बसून म्हणायची, "पालखी बाटवल्यावर देवी काय देणार?" हे मी ऐकायचे. कुठे होते मी? चुलीपाशी. लोणच्याला फोडणी घालत.

शिमग्याला शालू गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्यायची. काय चूक झाली असेल ती पदरात घे, म्हणून. दरवर्षी. मी शेजारी उभी असायचे, बाकीच्यांबरोबर "होय महाराजा" म्हणायचे. म्हणायचे ना! मोठ्याने.

पुढे तिला मुलगी झाली. त्या मुलीच्या लग्नात रुखवताचे पापड लाटायला वाडीतल्या बायका जमल्या आणि हिने, मुलीच्या आईने, पोळपाटाला हात लावला नाही. मी म्हटलं, "अगो, लाट एखादा." सासू मरून गेली होती तोवर, अडवणारं कोणी नव्हतं. तर शालू मला म्हणते, "नको वैनी. तेव्हा मला कळलं नसेल. नकळत झालं असेल. माझा हातच तसला." ऐकताय ना तुम्ही? मी खोटं बोलले, आणि तिने ते खरं करून घेतलं. नकळत झालं असेल! तेव्हा तरी बोलायचं होतं मी. मी पापड मोजायला घेतले.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. ते धणे दाखवले त्याच रविवारी मनूने गव्हाची बिअर लावली होती, ईडलिंबाची साल घातलेली. उकाडा फार, म्हणून पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून माजघरात ठेवलं होतं – त्याच कोपऱ्यात. एका सकाळी झाकण काढलं आणि तिने तोंड वाकडं केलं. मला वास लांबूनच आला. तोच. कढीत घालण्याच्या लायकीचा.

"गेलं," म्हणाली. "व्हिनेगर झालं. झाकण नीट बसलं नव्हतं, चिलटं गेली आत. माझी चूक."

माझी चूक. किती सहज म्हणाली! जसं काही तोंडातून एवढं काढलं तर काहीच होत नाही.

मी विचारलं, "लावलंस त्या दिवशी तुला... कावळा..." मग तिला कावळा म्हणजे काय ते सांगावं लागलं. ती हसत सुटली. "तेव्हा नाही. पण त्या काळ्या बिअरच्या वेळी होती ना पाळी! पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून ढवळलं मी सगळं. ती तर तुलापण बरी वाटली."

आणि मला आठवले ते दादरे. पालखीच्या गडबडीत मडक्यांवरून सोडलेले, दिवसभर खुंटीवर लटकत राहिलेले. चिलटं होती. काजूच्या दिवसांत नसतात कुठे? कुणाच्याच विटाळाने काही नासलं नव्हतं. माझ्या नाही, शालूच्या तर नाहीच.

खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझ्या हाताने काही झालं नव्हतं! क्षणभर हलकं वाटलं मला – स्वतःसाठी. शालूची आठवण त्यानंतर आली.

तेवढ्यात मनूने पिंप अंगणात ओतलं. वास पलीकडे गेला. शालू तिच्या ओट्यावर आली, खांब धरून उभी राहिली आणि ओरडली, "मनू! मी नाय हां हात लावला! मी पायरीवरच होते, विचार वैनीला!"

सत्तरीची बाई ती.

मनू म्हणाली, "अगं माहितीय शालूआजी, माझंच झाकण –" पण शालू तिच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी साक्ष द्यायची होती.

"नाही लावला तिने," मी म्हणाले. एवढंच. ती आत गेली. मी पिंप विसळायला घेतलं.

ही गोष्ट इथेच आहे, पुढे गेलेली नाही. यंदाचं लोणचं मी घातलं, बरण्या माजघरात आहेत, दादरे मी घट्ट बांधलेत. शालू आत्ता विहिरीपलीकडे झावळ्या तोडते आहे. कोयत्याचा आवाज इथपर्यंत येतो.