दाबून भरलेली भिंत

मास्तरांनी जन्मात कुणाला धडा शिकवला नव्हता. ते शिंपी होते, आणि शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून मास्तर. छत्तीस वर्षं कोट शिवून दुकान बंद केलं, तेव्हा पाठीला बाक आणि नाकावर जाड चष्मा एवढी कमाई पदरात होती. आता माणसानं जरा टेकावं. पण मास्तरांच्या नशिबी भिंत वाढून ठेवलेली.

घर जुनं. झोपायच्या खोलीची एक भिंत वाऱ्याच्या तोंडाला होती. थंडी पडली की ती गारठायची आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. यंदा मास्तरांच्या बायकोला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून मुलीनं आईला थेट स्वतःच्या घरी नेलं आणि बापाला स्वच्छ सांगितलं, "त्या खोलीत मी तिला पाठवणार नाही. आत अठरा अंश दाखवा, मग बघू."

"महिन्याभरात दाखवतो," मास्तर म्हणाले.

तसं म्हणून तर बसले, पण त्या 'मग बघू'चा त्यांनी चांगलाच धसका घेतला होता. एकदा तिकडे रुळली की बायको परत येते कशाला? रिकामं घर खायला उठत होतं. कारागीर दोन महिने मोकळा नव्हता, तेव्हा म्हातारा स्वतःच कामाला लागला.

ओला गिलावा खरवडतानाच नाकी नऊ आले. मग भिंत वाळायची वाट पाहिली, लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली. मापात सुताचा फरक नाही, शिंप्याचाच हात तो. पट्ट्यांमधल्या खणांत थंडी अडवणारी काचेची पिवळी लोकर भरायची आणि वरून बोर्ड ठोकायचे, एवढंच राहिलं होतं. त्या लोकरीनं अंगाला अशी खाज सुटली, की मास्तर दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. गुडघे तर बोलायचेच थांबले होते, नुसते कण्हायचे. रोज सकाळी उठताना वाटायचं, आज नको. आणि रोज उठायचे.

"मास्तर, एका खणात एकच थर," दुकानदारानं लोकर देताना बजावलं होतं. "कोंबू नका."

"छत्तीस वर्षं अस्तरं लावलीत मी," मास्तर म्हणाले आणि दुप्पट लोकर घेऊन आले. एका थराची एवढी ऊब, तर दोन थरांची दुप्पट, हे त्यांचं साधं गणित. बोर्ड बसेना, तेव्हा गुडघा रेटून बसवला आणि स्क्रू पिळले. अति तिथे माती, हे त्यांनी गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलं असेल.

ठरल्या रविवारी मुलगी आईला घेऊन आली. आईची बॅग मात्र गाडीतच ठेवली. भिंतीला नवा रंग होता आणि हीटर सकाळपासून चालू होता. तिघं थर्मामीटरसमोर उभी राहिली. काटा चौदावर होता. मास्तरांनी त्याला टिचकी मारून पाहिली. चौदाच.

बायकोनं भिंतीवर तळवा टेकवला. दुकानात कोटांची अस्तरं टाचण्यात तिचीही बोटं झिजली होती.

"आत किती भरलंत हो?"

"दुप्पट."

"दाबून?"

"दाबूनच. हयगय नाही केली."

ती पलंगावर बसली. "फुगलेलं राहिलं तर ऊब धरतं, हे काय आज सांगायचं तुम्हाला? कोटातही असंच करायचात. जीव घाबरला की कोंबायचात."

मुलगी अजून काट्याकडेच बघत होती. "माझा निळा कोट," ती म्हणाली.

त्या कोटाचं नाव निघालं की मास्तर ताठ व्हायचे. पोर पहिलीत गेली, तेव्हा दुकानाचं काम बाजूला टाकून तीन दिवस खपून शिवला होता. अख्ख्या शाळेत तसा कोट नव्हता.

"मी कुडकुडायचे त्यात, बाबा. हात खाली यायचे नाहीत इतका ठासला होतात, आणि थंडी वाजायची ती वाजायचीच."

मास्तरांना वाईट वाटलं. भिंतीचं नव्हे, कोटाचं. पेचकस घेऊन ते पहिल्या बोर्डाशी गेले, पण मनगटात जोर नव्हता. मुलीनं पर्स खुंटीला अडकवली, पेचकस त्यांच्या हातातून घेतला आणि एकेक स्क्रू काढला. बोर्ड निघाला, तशी चेपलेली लोकर हळूहळू वर आली. तिनं एक थर ओढून बाहेर काढला.

"बॅग असू दे गाडीत," बायको शाल ओढून घेत म्हणाली. "पुढच्या रविवारी आणू."

मास्तरांनी उरलेला थर पट्ट्यांमध्ये नीट केला.

"तेव्हाच सांगायचंस की गं," ते म्हणाले.

"तुम्ही रोज दारात विचारायचात, ऊब येते ना? काय सांगणार होते?" मुलीनं बोर्ड उचलून धरला. "आता सांगतेय. सैल राहू दे."