राजूर घाटातली लहान मोटार

आजवर कुणाला सांगितलं नाही, पण शेजाऱ्याचा मला फार हेवा वाटे. त्याच्या घरातलं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येई. आमच्याकडे नुसती भांडी वाजत. सगळ्यालाच तो ‘आपलं’ म्हणे, माझ्या बायकोच्या चहालाही.

जुनी मोटार घेताना त्यानं विचारलं, “भाऊ, लहान इंजिन पेट्रोल कमी खाते म्हन्तात. आपल्या घरच्यायले घेऊन राजूर घाट चढन का?”

कापसाच्या जिनिंगमधली इंजिनं मीच सांभाळायचो. चढणार नाही, हे मला ठाऊक होतं.

“चढन ना,” म्हणालो.

पहिल्या फेरीला त्यानं मलाही बसवलं. अर्ध्या घाटात मोटार थांबली. सारे, त्याची म्हातारी आईसुद्धा, उतरून हसत ढकलू लागले.

“मोठं इंजिन असतं, तं आपल्या बुढीले ढकलाले भेटलं असतं का, भाऊ?” तो ओरडला.

तेव्हा तर मी जळूनच गेलो. सल्ला मुद्दाम खोटा दिला होता, हे त्याला सांगणं अजून बाकी आहे.