लेकीच्या पाठवणीची विलायती धून

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कूलर बंद ठेवलेलं घर दिसलं, तर लोक समजतात की त्या गल्लीची वीज गेली आहे. आमच्या घरी वीज असायची. कूलर बंद असायचा तो आमच्या ह्यांना व्हायोलिनं नीट ऐकू यावीत म्हणून.

हे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी घरातला मोठा टीव्ही, दोन स्पीकर आणि दुपारची तीन ते पाच ही वेळ ताब्यात घेतली. बत्तीस वर्षं फायलींवर शेरे लिहिलेला माणूस. आता जुने अमेरिकन सिनेमे पाहायचे आणि शेरे मला ऐकवायचे. त्यातला एक काळापांढरा सिनेमा तर इतक्या वेळा लागायचा, की त्याची नायिका आपल्याकडे भाड्याने राहते असं आमची मुलगी म्हणायची.

गोष्ट म्हणाल तर सगळी रडारड. मोठ्या घरातली बाई, तिचं भलत्याच माणसावर प्रेम, मग गैरसमज, मग उशिरा पोचलेलं पत्र, मग खोकला. बाईला खोकला झाला की ती मरणार हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण हे म्हणायचे, "गोष्ट सोड. गोष्टीत काही नाही. तू मागचं संगीत ऐक."

मागचं संगीत म्हणजे साठ-सत्तर वादकांचा ताफा. बाई जिना उतरायला लागली की व्हायोलिनंही पायऱ्या उतरायला लागत. तिने खिडकी उघडली की बासऱ्या, दार लावलं की पितळी वाद्यं.

"ती नुसता चहा प्यायली तरी सत्तर माणसं कामाला लागतात," मी एकदा म्हटलं. "माझ्या चहाला तुम्ही साधं 'हं' म्हणत नाही."

"शू. आता चेलो येतोय."

मी ओला टॉवेल मानेवर टाकून चेलोची वाट पाहत बसायची. खरं सांगायचं तर चेलो कुठला आणि व्हायोलिन कुठलं हे मला कळत नव्हतं. घाम मात्र कळत होता.

त्याच उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कुहीचा, घरी धानाचा व्यापार, माणसं मोकळी. डिसेंबरातली तारीख निघाली. याद्या झाल्या, उमरेड रोडवरचं लॉन ठरलं. ह्यांनी कशातच लक्ष घातलं नाही. फक्त एक अट घातली. पाठवणीला बँडवर नेहमीचं हिंदी गाणं नको, त्या सिनेमातली मुख्य धून वाजली पाहिजे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "कुहीच्या लोकांना वाटेल आपल्याकडे कोणी गेलं."

पण हे हटले नाहीत. सक्करदऱ्याला ह्यांचा एक शाळासोबती राहतो. वडिलांच्या वेळेपासून लग्नाचा बँड, स्वतः क्लॅरिनेट वाजवतो. त्याला धून ऐकवायला दुपारी घरी बोलावलं. कूलर बंद झाला. बँडमास्तरांनी शर्टाची दोन बटणं उघडली आणि डोळे मिटून बसले. सिनेमा सुरू झाला आणि त्याबरोबर ह्यांचं व्याख्यानही. हा नायिकेचा सूर, हा नशिबाचा सूर, आता बघ दोन्ही कसे गुंफले.

"तू जरासा चूप राहाय ना गा," बँडमास्तर डोळे न उघडता म्हणाले. "तो वाजवून राहिला, मले ऐकू दे."

आमच्या संसारात हे वाक्य इतक्या सोप्या शब्दांत बोलणं मला कधी जमलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना दुसऱ्या चहाचं कबूल करून टाकलं.

अर्धा तास त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "ह्या बाईनं अजून रडणं सुरू नाही केलं, अन् ह्या वाजवणाऱ्यानं आधीच सुरू केलं. काहून एवढी घाई? आमच्या धंद्यात अशा पोट्ट्याले मागच्या रांगेत उभं करते."

ह्यांचा चेहरा लाल झाला. पण बँडमास्तर थट्टा करत नव्हते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "थांबव. मागं घे. अजून एकदा." असं चार वेळा झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमी ऐका. हे चार सूर वर जाते. आता वाटते घरी आले. पण येत नाही. दारापर्यंत येते, कडी वाजवते, अन् परत जाते."

त्यांनी ते चार सूर गुणगुणून दाखवले. टीव्हीवर पुन्हा तेच आलं, आणि हातातल्या कपांसकट मी तशीच उभी राहिले. इतके महिने जो नुसता गलका होता त्यात मला ते चार सूर स्पष्ट दिसले. गर्दीत आपलं माणूस दिसावं तसे. एकदा दिसल्यावर मग सगळीकडे तेच. कधी सनईसारख्या एकट्या वाद्यात, कधी खाली खोल घोगऱ्या आवाजात, कधी सगळ्यांच्या डोक्यावरून. बाई हसत असली तरी तिच्या मागे तेच कडी वाजवत होते.

पुढे ते पत्र आलं. बाई पत्र वाचते, आणि तिथे काहीच वाजत नाही. बँडमास्तरांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! हाताशी एवढी माणसं असून चूप राहिला. हा माणूस हुशार आहे बाप्पा."

हे स्पीकरकडे बघत होते. मी विचारलं, "काय झालं?"

"मला वाटायचं तिथे आपला स्पीकर बिघडतो," हे म्हणाले.

बँडमास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

काम घेतलं त्यांनी, पण अडचणी सांगितल्या. व्हायोलिन नाही. क्लॅरिनेट दोन, सॅक्सोफोन एक, बाकी पितळ, आणि ढोल-ताशे. हे म्हणाले, ढोल अजिबात नको. "ढोल नाही त मग लग्न काहून म्हणावं?" असा वाद दोन दिवस फोनवर चालला. शेवटी ठरलं की ढोल-ताशेवाले उभे राहतील, पण वाजवणार नाहीत.

दिवाळीनंतर सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या मैदानात सराव सुरू झाला. हे रोज जायचे. चौथ्या दिवशी हिरमुसून परत आले. हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन ते वादकांसमोर उभे राहून हातवारे करत होते म्हणे. ट्रंपेटवाल्याला वाटलं साहेब माशा हाकलताहेत. त्याने वाजवणं थांबवून त्यांना सावलीत बसायला खुर्ची आणून दिली.

लग्न छान झालं. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाठवणीची वेळ आली. लॉनच्या दाराशी फुलं लावलेली गाडी उभी होती. बँडमास्तरांनी एकट्याने क्लॅरिनेटवर सुरुवात केली, अगदी हळू. कुहीकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. नवऱ्या मुलाची आत्या माझ्या शेजारी होती. "बँडवाले थकले काय वं?" तिने कोणाला तरी विचारलं. तिचे यजमान म्हणाले, हे जुन्या हिंदी पिक्चरमधलं आहे, आपण दोघांनी पाहिलं होतं, नाव ओठावर आहे. आत्या म्हणाली, "माझ्यासंगं नाही पाहिलं." तो वाद आजही त्यांच्या घरी मिटलेला नाही असं ऐकते.

मग सॅक्सोफोन आला, त्याच्या खालून पितळी वाद्यं आली, आणि मला पुढचं नीट दिसेना. मुलगी ह्यांच्या गळ्यात पडली होती. हे रडत होते. ज्यांनी मला वर्षभर समजावलं होतं की हे संगीत रडण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे, ते हुंदके देत होते. मी पायरीवर बसले. धून वर वर चढत होती आणि कोणी हलायला तयार नव्हतं. ड्रायव्हरसुद्धा डोळे पुसत होता.

आणि अचानक ढोल वाजला. धडाम. मागोमाग ताशा. तीच धून दुप्पट चालीने, चक्क नाचायच्या ठेक्यात सुरू झाली. नवऱ्या मुलाच्या मित्रांना तेवढंच हवं होतं, ते हात वर करून नाचू लागले. मुलीने मान वर केली, बापाकडे पाहिलं, आणि रडता रडता फसकन हसली. हसतच गाडीत बसली, हसतच हात हलवत गेली.

ह्यांनी त्यानंतर पंधरा दिवस बँडमास्तरांचा फोन उचलला नाही. घरात एकच विषय. ढोलवाल्याने वचन मोडलं, धुनीचा सत्यानाश झाला. शेवटी बँडमास्तर स्वतःच आले. चपला काढतानाच म्हणाले, "त्याले काही म्हणू नको गा. इशारा म्या केला होता."

"तू?" हे उठून उभे राहिले. "तुला संगीत कळतं म्हणून तुला दिलं होतं!"

"कळते म्हणूनच केला. तू रडून राहिला, पोरगी रडून राहिली, वहिनी खाली बसल्या. तुया सिनेमात बाई मरते, त्या माणसानं बरोबर वाजवलं. आपली पोट्टी काय मेली? कुहीले गेली, तासाभरावर. पुढच्या रविवारी जेवाले आली असंन."

आली होती खरंच, आणि पाटवडीचा रस्सा पातळ झाला म्हणून मला बोलूनही गेली होती. हे खाली बसले. मग उठून त्यांनी टीव्ही लावला, आणि आम्ही तिघांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. कोणीही व्याख्यान दिलं नाही.

आता ही धून बँडमास्तर पारशिवनीपर्यंतच्या लग्नांत वाजवतात, ढोलासकट. लोक तिला 'साहेबवाली' म्हणतात. हे वरवर चिडतात, पण कुठल्या लग्नात वाजली याची चौकशी करतात. माझं म्हणाल तर भाजी चिरताना ते चार सूर आपोआप तोंडात येतात. आतल्या खोलीतून हे ओरडतात, "तिसरा सूर खाली गेला!" मग मी तो मुद्दाम आणखी खाली नेते आणि ते धावत स्वयंपाकघरात येईपर्यंत तिथेच धरून ठेवते.