शिरोड्याच्या बिलांचा सेंडर

"नीता, शनिवारपर्यंत ह्या मेलचा नीट होऊक व्हया. नायतर पुण्याचो दुकानदार दुसरीकडे जातलो. मगे ह्या तिघी बायकांका मी काय सांगू गो?"

सुमतीकाकी आगळाच्या बाटल्या पुसत बोलत होत्या. शिरोड्याला त्यांचं घरगुती युनिट आहे, तीन बायका कामाला. कोकमाचं आगळ, आमसुलं, मालवणी मसाला. मी कुडाळहून येऊन त्यांचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर बघते. पुण्याच्या दुकानदाराने बिलाच्या मेललाच उत्तर देऊन दोनदा ऑर्डर दिली होती. काकींना एकही वेळेत मिळाली नव्हती.

सेटिंग उघडलं आणि कपाळाला हात लावला. सॉफ्टवेअरमधून बिल मेलने जातं, तेव्हा ते कोणाच्या नावाने जायचं तो पत्ता आधी भरावा लागतो. त्याला सेंडर म्हणतात. गिऱ्हाइकाने रिप्लाय दाबला की उत्तर त्याच पत्त्यावर जातं, आणि गेलेल्या बिलाची प्रतही त्याच मेलमध्ये राहते. इथे सेंडर होता सुहास, काकींचा एकुलता एक मुलगा. तो जहाजावर नोकरीला. निघण्याआधी त्यानेच सॉफ्टवेअर बसवलं आणि खुशाल स्वतःचा पत्ता टाकून दिला. नेट मिळालं की तो ऑर्डरी आईकडे पाठवायचा. मध्ये दहा-दहा दिवस नेटच नसायचं.

काम पाच मिनिटांचं होतं. धंद्याच्या नावाने नवा पत्ता काढला. पण जुना सेंडर बदलायचा तर सॉफ्टवेअर आधी जुन्याच पत्त्यावर एक कोड पाठवतं, खात्री म्हणून. मी सुहासला व्हॉट्सॲप केलं, कोड पाठव. निळ्या टिक्स आल्या, कोड नाही. दुसऱ्या दिवशी नवा कोड मागवला. पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. शुक्रवारी दुपारी त्याचाच फोन आला आणि मी त्याला झापायलाच घेतलं.

"मावशी, कोड पयल्याच दिवशी इलो," तो म्हणाला. "मीच नाय दिलंय. आई फोनवर 'बरां आसा, जेवलंस?' इतक्याच बोलता. कोकमां कधी फोडली, मसालो कधी कुटलो, ह्या सगळा माका त्या बिलांतसून कळता. ती येवची बंद झाली तर घरातसून माझां नाव काढल्यासारख्या वाटतला."

माझी मुलगी बंगळूरला असते. तीही फोनवर 'बरी आहे' एवढंच सांगते. त्या क्षणी तिची इतकी आठवण आली की पुढचं रागवणं राहूनच गेलं.

त्याला समजावलं. सेंडर धंद्याचाच राहील, पण प्रत्येक बिलाची एक प्रत तुला येईल. तिला बीसीसी म्हणतात, ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. आलेली उत्तरंही तुझ्याकडे फॉरवर्ड करते. लगेच कोड आला. शनिवारी पुण्याची ऑर्डर पक्की झाली. काकींना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे बिल गेलां की तेका कळतला?"

तीनेक महिन्यांनी त्यांच्या सीएचा फोन. म्हणाले, दर आठवड्याला शून्य रुपयांचं एक बिल निघतंय, काय भानगड आहे बघा. मी जाऊन पाहिलं. गिऱ्हाईक, सुहास. माल, 'तिरफळां घातलेलो बांगडो, एक ताट'. पुढच्या बिलात 'घावणे आणि रस'. खाली शेऱ्याच्या रकान्यात, 'तुझ्या खोलीतलो पंखो दुरुस्त करून घेतलंय.'

मी म्हटलं, काकी, हे फोनवर सांगायचं की.

"फोनवर माका रडू येता गो," त्या म्हणाल्या. "बिलात लिवता येता."

सीएंचं बरोबर होतं. विक्री झाली नसेल तर बिल फाडायचं नसतं. त्यासाठी डिलिव्हरी चलन असतं. माल द्यायचा आहे, बिल झालेलं नाही, याचा तो कागद. तोही मेलने जातो. मी ती सगळी बिलं रद्द केली आणि तेवढीच चलनं करून दिली.

माल पोचल्याची नोंद होईपर्यंत चलन सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग दिसत राहतं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी बजावत असते, पेंडिंग चलनं महिनाअखेर बंद करा. शिरोड्याची अकरा अजून उघडी आहेत. ती बंद करायला सुहासला घरी येऊन जेवावं लागेल.