खांदेमळणी

पाटलानं माझा सदरा गळ्यापाशी धरला आणि टर्रकन फाडला. बैलपोळ्याचा दिवस. वेशीत अख्खं गाव उभं. खांदा उघडा पडला तसा तो ओरडला, "बगा! पिवळा हाय का न्हाई?"

पिवळा होता. हळदीनं आणि लोण्यानं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून सोललेले खांदे हळद-लोण्यानं चोळतात. माझ्याकडे बैल एकच. गेनूकडेही एकच. दोघांच्या बापांच्या जमिनी मुळशीच्या धरणात गेल्या, उरली ती डोंगरकडेची भातखाचरं. म्हणून आमची सावड. त्याचा बैल, माझा बैल, एक जू. आज त्याचं खाचर, उद्या माझं. चार-पाच पावसाळे असेच गेले. त्याच्याशिवाय मला घास उतरत नव्हता, एवढं कळत होतं. त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होतं. पण गावापाशी त्यासाठी होत्या त्या सगळ्या शिव्याच.

आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे चोळून झाले. वाटीत थोडं लोणी उरलं. गेनू म्हणाला, "तुजा बी खांदा सुजलाय की. काड सदरा."

"मी काय बैल हाय व्हय?"

"बैलाला सन हाय. तुला कोन हाय?" मग स्वतःच म्हणाला, "मी हाय."

त्यानं खांदा चोळला. सावकाश. मी डोळे मिटले आणि त्याच्या हातावर गाल टेकवला. पाटलाचा पोरगा बांधावरून बघत होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

"लई दिसांची जोडी हाय ही," वेशीत गेनूलाही ओढून माझ्या शेजारी उभा करत पाटील म्हणाला. "जू घाला हिच्यावर. न्या तोरनाखालून."

आमच्याच बैलांचं जू गोठ्यातून आणून आमच्या मानेवर ठेवलं. वर झूल टाकली. पोरं मागून "हुर्र, हुर्र" करत होती. हसणारी माणसं तीच, ज्यांच्या खाचरांत आम्ही आवणीला, भात लावायला, राबलो होतो. आईनं पदर तोंडावर घेतला. देश स्वतंत्र झाला होता म्हणे. आम्हांला मारुतीच्या देवळापर्यंत चालवलं. गेनू माझ्याकडे बघत नव्हता. पण त्याची थरथर लाकडातून माझ्या मानेत येत होती.

ती अजून येते. भाकरीचा तुकडा मोडताना येते, कुणाशी बोलताना मध्येच येते. मी बोलायचा थांबतो.

त्या दिवसानंतर गेनू दिसला नाही. कुणी म्हणतं मुंबईला गिरणीत लागला. कुणी म्हणतं धरणात गेला. त्याच्या भावानं त्याचा बैल बाजारात विकला. मी माझा बैल पाण्यावर नेतो तेव्हा पाण्याकडे पाठ करून उभा राहतो.

त्या दिवशी घरी येऊन मी खांदा दगडानं घासला. हळद निघाली, कातडं निघालं, तरी घासत राहिलो. स्वतःची किळस येत होती. आई म्हणायची, "लगीन कर बाबा. लोक इसरतील." मीही विसरायला तयार होतो. खाली मान घालून चालणं अंगवळणी पडलं होतं.

पुढचा पावसाळा आला. माझ्याशी सावड करायला कुणी तयार नाही. बैल एक. खाचरात पाणी भरलेलं, रोपं पिवळी पडायला लागलेली. शेवटी जुवाची गेनूच्या बैलाची बाजू मी स्वतःच्या खांद्यावर घेतली. आईनं नांगर धरला. रडत धरला.

घासून सोललेल्या जागीच जू रुतलं. गुडघाभर चिखलात होतो, आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. या खांद्यावर जन्मभर ओझी पडली, काठ्या पडल्या. मायेचा हात एकाच माणसाचा पडला. आणि मी काय केलं? पाटलाचं जू वर्षभर मानेवर जपून ठेवलं आणि गेनूचा हात दगडानं घासून काढला. लाज वाटली ती याची. माझ्या असण्याची लाज तिथंच चिखलात गेली. भर खाचरात मी मोठ्यानं त्याचं नाव घेतलं.  आईनं नांगर सोडला नाही.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा मळला. मग माझा. दुसऱ्या दिवशी उघड्या अंगानं बैल घेऊन वेशीत गेलो.

पाटील आडवा आला. "लाज न्हाई व्हय रं? आदी लगीन कर, बाई आन घरात. मंग ये तोरनाखाली."

"न्हाई करनार, पाटील."

"कुनी मळला खांदा?"

"औंदा मी. गेल्या साली गेनूनं. आमी जोडीच व्हतो. गेल्या साली तुमी सांगितलं गावाला. औंदा मी सांगतोय."

कुणी हसलं नाही. पाटलाच्या गड्याची काठी खांद्यावर बसली, हळदीवरच. बैल बुजला. मी कासरा सोडला नाही. तोरणाखालून गेलो.

तेव्हापासून दर पोळ्याला जातो. सुखाचं नाही हे. गेनू येत नाही, मान थरथरते. थरथरू दे. जुवाची त्याची बाजू मी दुसऱ्या कुणाला दिली नाही, देणार नाही. बाई आणून तिचाही जन्म नासवणार नाही. आणि खांदा झाकून या वेशीतून जाणार नाही. ज्याला काठी मारायची त्यानं खुशाल यावं. खांदा उघडाच आहे.